मामांनी भरलेली हवा

ये गं, अशी जवळ ये. लिहितेय खरी, पण समज तू माझ्यासमोर बसलीयस आणि तुझा कान माझ्या हातात आहे. तो आधी जरा पिरगळते. त्या दिवशी फोनवर काय म्हणालीस? "मावशी, ह्या वयात तू रेसच्या गाड्या बघायला जातेस?" आणि वर खी खी हसलीस. मी सांगायला तोंड उघडलं तर "मीटिंग आहे" म्हणून ठेवून दिलास. भाची म्हणायची का कोण गं तू? बघायला जात नाही मी, कामाला जाते. टायरची हवा तपासायला. हसून झालं असेल तर आता नीट ऐक, कारण त्या हवेपायी आमची सून ह्या घरात राहते की जाते अशी वेळ आली होती.

सांगलीत मिरजेच्या रस्त्याला आमचं पत्र्याचं शेड, आत कंप्रेसर आणि पंक्चर बघायची पाण्याची टाकी, एवढंच आमचं दुकान. तुझे काका फौजेत ड्रायव्हर होते, पेन्शनीत आल्यावर त्यांनी हे सुरू केलं आणि मी हाताखाली शिकले. गिऱ्हाईक म्हणजे सगळ्या उसाच्या ट्रॉल्या. ट्रॉलीवर ऊस किती लादतात ते तुला माहीत आहेच, मागच्या माणसाला पुढचा रस्ता दिसत नाही. त्या वजनाखाली टायर जरा मऊ असला की बाजू दबतात, तापतात आणि कारखान्याच्या वाटेवर फुटतो. म्हणून ह्यांचं आयुष्य एका शब्दात गेलं: टणक. हवा टणक पाहिजे.

आणि एक सवय आहे त्यांची. आमच्या दारातून कुणीही लांबच्या वाटेला निघालं की हे उठणार, चारी चाकांत हवा भरणार, मग लाकडी मोगरी घेऊन प्रत्येक टायरवर एक ठोका घालणार. टण्ण वाजला की म्हणणार, "जावा आता." आमचा मुलगा पहिल्यांदा फौजेत, त्याच्या युनिटला निघाला तेव्हा मी पदर तोंडात धरून रडले, ह्यांनी हवा भरली. तुझी लग्नाची गाडी निघाली तेव्हा तिलाही भरली होती, तुला कुठलं आठवायला! "सांभाळून जा" हे शब्द ह्या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. हवा भरली की त्यांचं सगळं सांगून झालेलं असतं.

आता सुनेचं सांगते. माहेर विट्याचं, पण वाढली कोइमतूरला, कारण वडिलांचं सोनं गाळायचं दुकान तिकडं. आपल्या विट्याची माणसं कुठं नाहीत सांग. तिथं गाड्या पळवायचा ट्रॅक आहे. ही पोरगी त्यावर गाडी चालवायला शिकली आणि मग दुसऱ्यांना शिकवायला लागली. वेगात वळण कसं घ्यायचं, ब्रेक कुठं दाबायचा, असलं. लग्न करून आली ती स्वतःची दोन सीटची जुनी स्पोर्ट्स गाडी घेऊनच. लाल, बुटकी. गल्लीतल्या बायका रुखवत बघायचं सोडून ती गाडी बघत होत्या. मुलाचं पोस्टिंग लांब, कुटुंब नेता येत नाही अशा जागी, म्हणून ती आमच्याजवळ. गाडी ताडपत्रीखाली गेली आणि पोरगी स्वयंपाकघरात.

तक्रार एक नाही गं तिची. मला आत्या म्हणते, तुझ्या काकांना मामा. पण एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, "आत्या, एक सांगू? कोइमतूरवरून बोलावणं आलंय परत शिकवायला. इकडं काही जमलं नाही तर मी जाईन. रागानं नाही जात. माझ्या हाताला माझं काम पाहिजे."

माझ्या हातातली गवार तशीच राहिली. पोरगी घरात नसली तर संध्याकाळी दुकान बंद करून आल्यावर आम्ही दोघं म्हातारी एकमेकांची तोंडं बघत बसणार, हे मला लख्ख दिसलं. पण तिनं तोंडावर सांगितलं, चोरून पिशवी भरली नाही, ह्याचं मला आजही बरं वाटतं.

मग तिनेच शोध लावला. आटपाडीच्या पलीकडं माळावर साताऱ्याच्या एका हौशी गृहस्थांनी ट्रॅक केलाय. रविवारी लोक आपापल्या गाड्या घेऊन येतात. ते म्हणाले, "बाई, आधी चार रविवार सराव करा. मग मी शेजारी बसतो. मला निर्धास्त वाटलं तर शिकवायला या."

तुझ्या काकांचा उसाचा हंगाम होता, शेड सोडता येईना. म्हणून सुनेबरोबर मी गेले. त्या गाडीत बसायचं म्हणजे गं, जमिनीवरच मांडी घालून सांगलीहून आटपाडीला निघाल्यासारखं. उठताना तिनं मला दोन्ही हात धरून ओढून काढलं, नाहीतर मी अजून तिथंच असते.

निघताना काकांनी अर्थातच हवा भरली होती. टण्ण वाजवून. ट्रॅकवर पोचल्यावर सुनेनं खिशातून मीटर काढला, लावला आणि हसायला लागली. "आत्या, पंचेचाळीस! ट्रॉली समजलेत मामा हिला." मग वॉलची पिन दाबून तिनं चारीतून सूं सूं करत हवा सोडली. मी तिचं मनगटच धरलं. म्हटलं, "अगं, मऊ करतेस? फुटेल की!"

तेव्हा तिनं मला शिकवलं. ही गाडी हलकी, तिच्यावर ऊस नाही. टायर टणक असला की फुगून मधल्या पट्ट्यावरच चालतो, जमीन धरत नाही आणि वळणावर घसरतो. फार मऊ केला तर कडेनं मुडपतो. शिवाय ट्रॅकवर टायर तापतात, आणि तापले की आतली हवा आपोआप वाढते. म्हणजे गार असताना कमी भरायची, चार फेऱ्या मारून आल्या आल्या, टायर गरम आहे तोवर मोजायची. तिच्या गाडीला गरम असताना बत्तीसच्या आसपास मानवतं. पण ते तिकडच्या ट्रॅकवरचं. इकडचं डांबर खरखरीत, माळावर सकाळी थंडी अशी की दात वाजतात आणि अकराला डोकं तापतं. इकडचा आकडा नव्यानं शोधायचा होता.

तो कसा शोधायचा? खडूनं. पंक्चरची जागा दाखवायला आम्ही खडू वापरतो, तो माझ्या पिशवीत होताच. टायरच्या कडेवर, जिथं जमिनीचा भाग संपतो आणि बाजू सुरू होते, तिथं मी आडव्या रेघा ओढायची. तिथं एक बारीक त्रिकोण असतो, इतकी वर्षं टायर उलथेपालथे करून माझ्या कधी ध्यानात आला नव्हता. ती फिरून आली की बघायचं. खडू त्रिकोणापर्यंत पुसला तर हवा बरोबर. पुसलेला भाग त्याच्या खाली बाजूवर उतरला तर हवा कमी. कडेला तसाच पांढरा राहिला तर जास्त. मी स्टुलावर बसून रेघा ओढायची आणि ती आली की ओरडायची, "डावा पुढचा खाली उतरलाय गं!" ती पुन्हा थोडी भरायची, पुन्हा फिरायची.

एकदा दोन्ही बाजूंचा आकडा जमेना. डावी चाकं जास्तच तापायची. मीच म्हटलं, "अगं, सगळी मोठी वळणं उजवीकडं आहेत. ट्रॉली उजवीकडं वळली की ऊस डावीकडं झुकतो, तसं होत असेल." ती म्हणाली, "तसंच होतं आत्या! म्हणून डावीकडं गार असताना थोडी कमीच ठेवायची." मला काय आनंद झाला म्हणून सांगू. शाळा चौथीत सुटलेली बाई मी, आणि ट्रॅकवर उभी राहून कुणाशी तरी असं बोलतेय. हिच्या जागी दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, आत्या तुम्ही सावलीत बसा. शेवटी गरम असतानाचा आकडा इकडंही बत्तीसच जमला, गार असतानाचे तेवढे बदलले.

परत निघताना मात्र एक भानगड होती. संध्याकाळी घरी पोचलो की काका मोगरी घेऊन ठोका घालून बघणार. म्हणून आम्ही दोघी निघण्याआधी तिच्या छोट्या बॅटरीच्या पंपानं चारी चाकं फुगवायचो. घरी टण्ण. काका खूष. "बगा, दिवसभर पळून आली तरी एक पॉइंट हवा गेली न्हाई. आमची हवा हाय ती." आम्ही आत जाऊन तोंडावर पदर, ओढणी धरून हसायचो.

मग तो रविवार आला. आदल्या सांजेला काका म्हणाले, "उद्या दुकान बंद." हंगामात! "सुनेची परीक्षा हाय, मी बी येनार." पहाटे उठून त्यांनी हवा भरली ती नेहमीपेक्षाही जास्त भरली असणार, कारण कंप्रेसरचा आवाज थांबेचना. ते टेंपो घेऊन मागून, आम्ही पुढं.

माळावर पोचलो. सुनेनं मीटर खिशातून काढला. काका बाजूलाच, हात मागं बांधून, कौतुकानं टायर बघत उभे. तिनं माझ्याकडं बघितलं, काकांकडं बघितलं, आणि मीटर परत खिशात घातला. मी काकांना म्हटलं, "चला, तिकडं चहा घेऊ." तर म्हणाले, "तू घे. मी हितंच थांबतो." हलायला तयार नाहीत. मी नेहमीसारख्या खडूच्या रेघा ओढल्या, दुसरं काय करणार. तेवढ्यात ट्रॅकचे मालक हेल्मेट घालून शेजारी बसलेसुद्धा.

पहिल्या मोठ्या वळणावरच गाडीचं मागचं अंग सरकलं. तिनं सावरलं. पुढच्या फेरीला पुन्हा. मग ती इतकी हळू चालवायला लागली की कुणाला वाटावं बाई आजच शिकलीय. गाडी आली. मालक उतरले, तोंडावर हसू नव्हतं. म्हणाले, "आज तुमचा दिवस दिसत नाही. मी चहा घेऊन येतो. आल्यावर अजून एकदा फिरू, मग ठरवू."

ते गेले. सून उतरून पाणी पीत होती. काका खाली वाकून टायर चाचपत होते. "टायर तर दगडासारखा टनक हाय. मग सरकती कशी?"

मी खडूच्या रेघा बघितल्या. कडेला दुधासारख्या पांढऱ्या. मधलाच पट्टा तेवढा घासलेला. मनात म्हटलं, आता तोंड उघडलं नाही तर ही पोरगी गेलीच कोइमतूरला.

"अहो," म्हटलं, "टणक आहे म्हणूनच सरकतीय. हिच्यात हवा जास्त झालीय. दर रविवारी इथं आल्यावर सोडतो आम्ही, आणि घरी यायच्या आधी परत भरतो."

काका उठून उभे राहिले. एकदा माझ्याकडं, एकदा तिच्याकडं बघितलं. "म्हंजे माझी हवा हिला मानवत न्हाई?"

"इथं नाही मानवत, मामा," सून मान खाली घालून म्हणाली. "रस्त्याला चालते."

"मग आज का सोडली न्हाईस?"

"तुमच्यासमोर कशी सोडू? तुम्ही कुणाला हवा भरल्याशिवाय जाऊ देत नाही. मला पण भरलीत. हात होईना."

तुझे काका सरळ चाकाजवळ गेले. मग खाली बसले, गुडघा कटकन वाजला. "मीटर आन. किती ठिवायची?"

"बत्तीस, मामा. पण टायर गार व्हायच्या आत. गार झाले की आकडा फसवतो."

"मग हुबी का ऱ्हायलीस, ये की!"

त्यांनी पिन दाबली, तिनं मीटर धरला. "अजून, मामा... अजून..." "आगं, पार लोणी करतीस का काय त्येचं!" "चौतीस. अजून थोडी... बास!" दुसऱ्या चाकाकडं दोघं जवळजवळ पळतच गेले. मी मागून खडू घेऊन. चारी झाली. काकांनी टेंपोतून मोगरी आणली आणि शेवटच्या टायरवर एक ठोका घातला. टण्ण कुठलं, भद्द वाजला. त्यांनी तोंड वाकडं केलं. "ह्यो काय आवाज झाला व्हय! पन तू म्हन्तीस तर हीच बराबर. जा आता."

मालक चहा पिऊन आले, बसले, गाडी गेली. त्या मोठ्या वळणावर मी डोळे मिटले. काकांनी कोपरानं ढोसलं. "बग की! चिकटून चाललीय!" खरंच गं, डांबराला चिकटवल्यासारखी जात होती. एक फेरी, मग दुसरी, मग मी मोजायचं सोडून दिलं. गाडी आली तेव्हा मालक आतच बसून तिच्याशी हातवारे करून बोलत होते. उतरल्यावर काकांना म्हणाले, "तुमच्या सूनबाई पुढच्या रविवारपासून इथं. आणि मघाशी काय झालं होतं हो?"

काका म्हणाले, "काय न्हाई. घरची हवा लागली हुती."

तेव्हापासून दर रविवारी आम्ही जातो. ती शिकवते, मी लोकांच्या गाड्यांना खडूच्या रेघा ओढते आणि टायर गरम असताना मोजते. कोइमतूरला तिनं नाही म्हणून कळवलं. सगळ्यांचे उपकार वाटतात बघ मला. त्या पोरीचे, की तिनं मला बरोबर नेलं. मालकांचे, की त्यांनी दुसऱ्यांदा गाडीत बसायची तयारी दाखवली. आणि तुझ्या काकांचे. आयुष्यभर भरलेली हवा ज्या माणसानं आपल्या हातानं सोडली, त्याच्याबरोबर माझा संसार झाला.

तर आता ते मीटिंगचं कारण नको. एखादा रविवार धरून ये, शनिवारीच ये म्हणजे राहशील. सुनेच्या शेजारच्या सीटवर तुला बसवते, दोन फेऱ्या मारून ये. भीती वाटली तर माझ्याजवळ स्टुलावर बस. पण लवकर ये गं, ऊन वाढायच्या आत ये.