साउंडरच्या तोंडावरचा रंग

माघ वद्य अष्टमी: मार्कंड्याच्या घाटाखाली आमची सरकारी मोटरबोट वाळूवर ओढून तिचे बूड रंगवण्यात आले. जबाबदार: वरिष्ठ पाहणीला येणार म्हणून तसा तोंडी आदेश देणारे उपविभागीय अधिकारी. द्वादशी: पाण्याची खोली दाखवणारे बोटीवरचे यंत्र, साउंडर, बंद असल्याचे उघड झाले. जबाबदार: तेच. जत्रा संपल्यावर: ‘नावाड्याने बांबू आपटल्यामुळे यंत्र बिघडले’ असा शेरा नोंदवण्यात आला. जबाबदार: शेरा लिहिणारे तेच अधिकारी, आणि त्याखाली ‘पाहिले’ म्हणून मुकाट्याने सही करणारा मी.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तांत्रिक सहायक होतो. महाशिवरात्रीला स्नानासाठी येणाऱ्यांनी कुठवर जावे, हे वैनगंगेचे डोह मोजून झेंड्यांनी दाखवणे, हे आमचे काम. आमचे म्हणजे माझे आणि रोजंदारीवरच्या नावाड्याचे. वयाने तो माझ्याएवढाच, पण मला भाऊ म्हणे.

द्वादशीच्या सकाळी पडद्यावर आकड्यांऐवजी नुसत्या रेघा होत्या. मी बॅटरीची टोके घासली, फ्यूज पाहिला, तार बोटाबोटाने चाचपली. सगळे ठीक होते. मग बोटीच्या तळाला कान लावला, तर टिकटिक स्पष्ट ऐकू आली. यंत्र आवाज पाठवत होते. नदीच्या तळावरून तो परत येत नव्हता.

“भाऊ, मशीन बोलून राह्यली, पण नदी तुमच्यावर रुसली दिसते,” तो म्हणाला.

“तूच काहीतरी सांगितलं असशील तिला.”

“मले काऊन लावता? मी तं तिले रोज बांबूनं विचारतो. मले सांगते.”

तो छातीभर पाण्यात उतरला आणि हाताने बूड चाचपू लागला. आवाज सोडणारी चकती तिथे बाहेर असते, काचेसारखी गुळगुळीत. त्याचा हात थांबला.

“इथी तं रंग हाय, भाऊ. जाड थर. तोंडाले फडका बांधून बोल म्हणता बिचारीले?”

जाड रंगात आवाज अडतो. आम्ही पाणी लावत, बारीक पॉलिश कागदाने, चकतीला ओरखडा न पडू देता तो थर उतरवला. रेघा गेल्या, आकडे आले. तरीही त्याने बांबू टाकून पाहिला. बांबू आणि पडदा यांचे जमले तेव्हा तो माझ्याकडे पाहून हसला. सायंकाळपर्यंत सगळे झेंडे लागले होते. पलीकडे चंद्रपूर जिल्ह्याचा काठ, अलीकडे मार्कंड्याच्या देवळाची शिखरे, मध्ये आम्ही दोघे आणि शिदोरीतली भाकर. त्यानंतर मी पुष्कळ ठिकाणी जेवलो. तशी भूक मला पुन्हा लागली नाही.

रंगाविषयीचा लेखी अहवाल मी त्याच दिवशी दिला. तो नस्तीला जोडला गेला नाही. त्या अधिकाऱ्यांनी शेऱ्याचा कागद माझ्यापुढे सरकवला तेव्हा माझी बदली त्यांच्या हातात होती. मी सही केली. नावाड्याला कामावरून कमी करण्यात आले. तो निरोप पोचवायला मीच गेलो.

“बांबूनं मशीन फुटते, भाऊ?” एवढेच त्याने विचारले.

आता तो नागभीडला मुलीकडे असतो. मी दोनदा गेलो. चहा मिळाला, नदीचा विषय निघाला नाही. त्याने मला भाऊ म्हटले नाही, साहेब म्हटले. पात्रातून येणारी ती ‘भाऊ’ हाक ऐकावी म्हणून मी आजही घाटावर जाऊन बसतो.

ते अधिकारी निवृत्त आहेत, ठणठणीत आहेत. माझ्या रजिस्टर पत्रांची पोच येते, उत्तर येत नाही. म्हणून येथे जाहीरपणे विचारतो. येत्या जत्रेत घाटावर, लोकांदेखत, माझी सही भीतीपोटी खोटी होती हे मी आधी सांगेन. त्यानंतर महाशय, आपण उभे राहून सांगावे: रंगाचा आदेश कोणाचा होता, माझा अहवाल नस्तीबाहेर कोणी ठेवला, आणि कोणत्या चौकशीवरून आपण त्या माणसाला दोषी लिहिले?