रफू केलेले मोजे

इंग्रजी चौथीत, म्हणजे आताच्या आठवीत, गेले तेव्हा आमच्या मुलींच्या शाळेने कवायतीसाठी गुडघ्यापर्यंतचे पांढरे मोजे सक्तीचे केले. वडील गिरणीत मुकादम. माझी शाळा त्यांच्या डोळ्यांत सलतच होती, त्यात ही मोज्यांची भर. आईने नव्या पेठेतून जोडी आणली, माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "ह्ये मोजं टिकव. त्ये हायत तवर तुजी साळा हाय. तुज्या बापाला मी बघून घेते."

मी त्या जोडीला जेवढं जपलं तेवढं स्वतःच्या पायांनाही जपलं नसेल. शाळेपर्यंत अनवाणी जायचे आणि फाटकाशी पाय पुसून मोजे चढवायचे. पायाची नखं वाढू द्यायची नाहीत, कारण मोजा पहिला फाडतं ते अंगठ्याचं नख. धुताना सोडा लावायचा नाही, पिळायचं नाही. रिठ्याच्या कोमट पाण्यात दाबून काढायचे आणि सावलीत आडवे पसरायचे, टांगले की ते लांबतात. आज उजव्या पायातला उद्या डाव्यात. टाच विरू लागली की भोक पडायची वाट न बघता आत पालथी वाटी धरून रफू करायचं. ते आईनेच शिकवलं. तिन्हीसांजेला आम्ही दोघी उंबऱ्याशी बसून टाके घालायचो आणि मला वाटायचं, वडिलांविरुद्ध आमची दोघींची फळी आहे. खुळी होते मी.

इंग्रजी सहावीची परीक्षा जवळ आली तेव्हा आई म्हणाली की उद्या शाळेच्या बाई घरी यायच्यात, मोजे घालून नीट बस. मी हरखून टाचा पुन्हा भरल्या.

बाई आल्याच नाहीत. आली ती मंद्रूपची माणसं, मुलगी बघायला. त्यांनी मला चालून दाखवायला लावलं. मुलाच्या आत्याला वाटलं, पाय झाकलेत म्हणजे कोड-बिड असेल. तिने मोजे काढायला सांगितले. मी आईकडे बघितलं. आईने डोळ्यांनीच खुणावलं, काढ.

पाय बघून झाल्यावर आत्याने मोजा उचलला, आत हात घातला आणि टाच उजेडाकडे धरली. हे कुणी केलं, असं तिने विचारलं.

"पोरीनंच केलंय," आई म्हणाली. "एकच जोडी वापरतीया अजून." तिच्या आवाजात कौतुक होतं. ते कौतुक मला आजही सोसत नाही.

"काटकसरीची हाय पोरगी," आत्या म्हणाली. "अशीच पायजे आमाला."

तिथल्या तिथे सुपारी फुटली. माणसं गेल्यावर आई कपबश्या गोळा करत होती. मी तिच्यापुढे मोजे धरले.

"मोजं टिकल्यात की, आई."

तिने वर बघितलं नाही. ती माणसं दिवाळीपासून विचारत होती, असं म्हणाली. म्हणजे दिवाळीनंतरच्या प्रत्येक संध्याकाळी माझ्या शेजारी बसून टाके घालताना तिला सगळं ठाऊक होतं. वडिलांचा मला राग आला नाही. त्यांनी मला कधी काही कबूलच केलं नव्हतं.

शाळा त्याच आठवड्यात सुटली. लग्नात आईने रुखवत मांडलं. त्यात करंज्या-लाडवांच्या परातींशेजारी माझे मोजे ठेवले होते, रिठ्याने धुतलेले, रफू केलेल्या टाचा वर करून.