भिंतवाली आत्या

माझी आत्या एका कारखान्यातले कॉम्प्युटर सांभाळते. नव्या डिस्कवर लिनक्स ही सिस्टीम टाकण्याआधी ती डिस्कचे दोन भाग करणारच. एकात सिस्टीम, दुसऱ्यात माणसाचं सामान. "मध्ये भिंत हवी. सिस्टीम कोसळली तरी सामान शाबूत राहतं," हे ती ज्याला त्याला ऐकवते. कारखान्यात तिला 'भिंतवाली' म्हणतात, आणि ते तिला मनापासून आवडतं.

बाबांच्या जुन्या मशीनलाही तिची भिंत होती. बिघडलेली सिस्टीम पुसून नवी कशी टाकायची, हे तिनं त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं. "दादा, 'पुसू का?' विचारलं की बिनधास्त 'हो' म्हण. तुझं सामान पलीकडे आहे."

पण बाबा रेकॉर्डिंगवाले. सामानाचा भाग सारखा भरायचा आणि सिस्टीमकडे जागा नुसती पडून असायची. नवं मशीन आलं तेव्हा ते हट्टालाच पेटले. "भिंतबिंत काही नको. एकच मोठी खोली कर!" आत्या तावातावानं भांडली, पण पालथ्या घड्यावर पाणी. भाऊबहीण शेरास सव्वाशेर. शेवटी आई म्हणाली, "जाऊ द्या हो ताई, करा त्यांच्या मनासारखं." आत्यानं केलं.

पुढे आई आजारी पडली. रोज दुपारी बाबा तिच्यापुढे माइक ठेवून तिला बोलतं करायचे. तिचं लहानपण, भांडणं, गुणगुणणं, सगळं त्या मशीनवर होतं. दुसरी प्रत बाबा 'उद्या' करणार होते. आई गेल्यावर ते रोज सकाळी तिला ऐकत बसायचे.

एक दिवस मशीन सुरूच होईना. आत्या कामावर होती. आईच्या आवाजाविना सकाळ कशी काढायची, म्हणून बाबांनी स्वतःच नवी सिस्टीम टाकायचा पेनड्राइव्ह लावला. 'पुसू का?' असं विचारल्यावर त्यांनी शिकवल्याप्रमाणे 'हो' म्हटलं.

आत्या धावत आली, दिवसभर खपली. आईचा एक शब्दही परत मिळाला नाही.

"तूच म्हणाली होतीस ना, बिनधास्त 'हो' म्हण?" बाबा म्हणाले.

माझं डोकं फिरलं. भिंत नको कोण म्हणालं होतं? मी तोंड उघडणार, तोच आत्यानं माझा हात दाबला.

"हो दादा. मीच म्हणाले होते."

मग ती पुन्हा मशीनपुढे बसली आणि या वेळी कुणाला न विचारता तिनं डिस्कचे दोन भाग केले. बाबा बघत होते.

"सामानाला केवढी जागा ठेवू, दादा?"

"ठेव कितीही," बाबा म्हणाले. "आता त्यात ठेवायचंय काय?"