एका दिवसापुरती बदललेली गाडी

लडाखची ऑर्डर आली तवा मी नायक होतो, नोकरीला तेरावं वर्ष चालू होतं. दोन हजार साल उलटून गेलं होतं. पूर्वेकडचं पठार, उंची चौदा हजार फुटांच्या वर. माझं गाव कुंभार पिंपळगाव, तालुका घनसावंगी. आमच्याकडं नजर पोचंल तिथवर कापूस न् तूर. तिकडं नजर पोचंल तिथवर दगड. झाड पाहायचं म्हणलं तर भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहावं लागायचं.

पोस्टवर पोचून आठ दिवस झाले असतील, खालून ट्रकात पाच गाड्या आल्या. चार चाकांची मोटारसायकल म्हणा. मोटारसायकलसारखं टांग टाकून बसायचं, हँडल धरायचं, उजव्या अंगठ्यानं रेस द्यायची. आता हौशी लोकांच्या रिसॉर्टावर असल्या गाड्या दिसतात, पैसे देऊन पोरं गोल गोल फिरतात. तवा आम्ही पहिल्यांदाच पाहिल्या. पलटणीला ट्रायलसाठी मिळाल्या होत्या. एक सीझन पेट्रोलिंगला चालवायच्या न् रिपोर्ट द्यायचा, एवढं काम.

तीन लहान, दोन मोठ्या. चारी चाकं ओढणाऱ्या सगळ्याच. लहानीला जवानांनी पहिल्याच दिवशी 'शेळी' नाव ठेवलं, मोठीला 'रेडा'. सिव्हिलमधी माणसांना वाटतं, मोठी गाडी म्हणजे चांगली गाडी. बिलकुल न्हाई. शेळी दोन दगडांच्या मधून निघायची, चिखलात फसली तर दोघं जण मागून उचलून काढायचे. पण चढाला तिचा दम जायचा. रेडा चढ खाऊन टाकायचा, दोन जेरीकॅन, रेडिओची बॅटरी, दोर, सगळं वाहायचा. पण आडव्या उतारावर त्याचा भरोसा न्हाई. डोंगर एका हाताला न् दरी एका हाताला असली की सगळा बोजा दरीकडं झुकतो. तिथं माणसानं उभं राहून डोंगराच्या अंगाला आपलं अंग टाकायचं. गाडी माणसाच्या वजनावर तोलायची. माणूस हलका असला तर गाडी त्याला जुमानत न्हाई.

आमचे सुभेदार साहेब पहाडी मुलखातले, कमी बोलणारे. त्यांनी आम्हाला राशन स्टोअरमधी नेलं न् तांदळाच्या काट्यावर एकेकाला उभं केलं. "तगडा आदमी बडी गाडी. हल्का आदमी छोटी गाडी. कोई बदली नहीं." बास, एवढाच हुकूम. माझं वजन चौऱ्याऐंशी किलो भरलं. मला रेडा. लान्स नायक मुरलीधर त्रेपन्न किलो. त्याला शेळी. सगळी पलटण खो खो हसली. मुरली म्हणला, "साहब, जूते समेत तोलो, आधा किलो बढ़ेगा."

हा मुरलीधर तीर्थपुरीचा. पलटणीत आपल्या मुलखाच्या माणसाला ग्राईं म्हणतात. आमच्या दोघांच्या गावात थोडंसंच अंतर, पण भेट झाली थेट लडाखात. चोवीस वर्षांचा, घरी आई-बाप, दुसरं भावंड न्हाई. तोंड एक मिनिट बंद न्हाई. सगळ्या पोस्टवर आपली भाषा बोलणारे आम्ही दोघंच. माझी आई माझ्या लहानपणीच गेली, वडील भरतीनंतर दोन वर्षांत. बायको-लेकरं जालन्यात. पत्र यायला तीन-तीन आठवडे लागायचे. मुरली नसता तर मी त्या पठारावर मुका झालो असतो.

पेट्रोलिंगचा क्रम ठरलेला. पुढं सुभेदार साहेब शेळीवर, मंग पहिला रेडा, मंग दोन शेळ्या, शेवटी दुसरा रेडा, म्हणजे मी. शेवटचा रेडा दोरवाला. कुणी फसला की त्यानं ओढायचं. वळणावर मागचा दिसल्याशिवाय पुढं जायचं न्हाई, हा दुसरा हुकूम.

दोन महिने मी शेवटी राह्यलो. पुढच्या चार गाड्यांची धूळ सगळी माझ्या तोंडात. पण धुळीचं सोडा. खरं सांगायचं तर मला मागं करमत नव्हतं. हेल्मेट, गॉगल, इंजिनचा आवाज. सहा-सहा तास तोंडातून शब्द न्हाई. पुढं पाहावं तर धूळ, मागं पाहावं तर कुणीच न्हाई. आपल्यामागं एक बी माणूस नाही, ही गोष्ट हळूहळू अंगात शिरते. एवढा दणकट गडी, पण घडीघडी मान वळवून मागं पाहायचो. कुणाला सांगणार? नायक माणूस, "साहेब, मला मागं एकटं वाटतं" म्हणून सांगतो का?

त्या दिवशी सकाळी सहा चाळीसला निघालो. आभाळ साफ, वारा मध्यम. नऊ वीसला चहासाठी हॉल्ट झाला. सुभेदार साहेब पुढं जाऊन दुर्बिणीनं नाला पाहून राह्यले होते. मी मुरलीला म्हणलं, "मुरल्या, आज तुझी शेळी दे की."

"काहून?"

"धूळ खाऊन कंटाळा आला यार. उद्या वापस."

"साहेबांला इचारलं का?"

"मी सांगतो त्यायला."

मी सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर साहेबांनी बदलू दिली नसती, हे मला ठाऊक होतं. गाड्या बदलल्या. मी तीन नंबरला, मुरली शेवटी. दीड तास मी लोकांच्या मधोमध चाललो. पुढं एक पाठ, मागं एक हेल्मेट. लई बरं वाटलं. हे बी लिहितो, कारण ते खरं हाय.

अकरा दहाला आडवा उतार लागला. उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला नाला, सारी खडी सुटी. पहिले दोघं पार झाले. मी पार झालो. चार नंबरची शेळी बी आली. मी वळणावर थांबून मागं पाहिलं. मुरली उतारावर आल्ता. शिकवल्याप्रमाणं उभा होता, अंग डोंगराकडं टाकलेलं. डोंगराकडचं पुढचं चाक एका दगडावर चढलं. रेडा डावीकडं कलला. मुरलीनं सगळं अंग उजवीकडं झोकून दिलं. जे जे शिकवलं होतं ते सगळं त्यानं केलं. वजनच पुरलं न्हाई. गाडी दीड पलटी खाऊन त्याच्यासकट खाली गेली.

मी रेडिओ घेतला. "अल्फा वन, अल्फा वन. पीछे गाड़ी पलटी है. आदमी नीचे है. ओव्हर."

"कौन आदमी? ओव्हर."

"लान्स नायक मुरलीधर. ओव्हर."

शेवटच्या गाडीवर कोण असायला पाहिजे, हे साहेबांना माहीत होतं. मंग आवाज आला, "सब रुको. मैं आ रहा हूँ. आउट."

चौघांनी मिळून गाडी उचलली. वरून जखम काहीच दिसत नव्हती, थोडंसं ओठाला रक्त. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो म्हणला, "नायक साब, गाडी बराबर हाय का? सरकारी हाय." मी म्हणलं, "गाडीला काही झालं न्हाई रे." पाणी मागितलं, ओठ ओले केले. हेलिकॉप्टर मागवलं होतं. बारा पन्नासला मुरली गेला. हेलिकॉप्टर एक पंचवीसला उतरलं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मी सगळं सांगायचं ठरवून गेल्तो. माझ्याआधी सुभेदार साहेबांचं स्टेटमेंट झालं. त्यांनी सांगितलं, ड्रायव्हर रोटेशनवर होते, म्हणजे पाळीपाळीनं गाड्या बदलत होते, न् ते बी साहेबांच्याच हुकमानं. बाहेर आल्यावर मला एकच वाक्य बोलले, "एक गया, दूसरे को क्यों भेजूँ." आत गेल्यावर मी बी रोटेशनच सांगितलं. मला सजा झाली न्हाई. ती झाली असती तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

मुरलीच्या पेटीसंगं एस्कॉर्ट म्हणून मलाच पाठवलं. ग्राईं ना मी. दिल्ली, औरंगाबाद, तिथून ट्रकनं जालना, अंबड, तीर्थपुरी. बाजारपेठ बंद, रस्त्याच्या दोन्ही अंगांनी माणसं. मुरलीचे वडील, आबा, उंच न् सरळ माणूस. सगळं झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"तू जवळ होतास का?"

"होतो आबा. डोकं माझ्या मांडीवर होतं."

"मंग बरं झालं. माझं लेकरू एकटं न्हाई गेलं." असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मी झटकायला पाहिजे होता. न्हाई झटकला.

त्यानंतर प्रत्येक सुट्टीत मी आधी तीर्थपुरीला उतरायचो, मंग जालन्याला बायको-लेकरांकडं. मुरलीच्या आईला मी माय म्हणायला लागलो. माझं माहेरच झालं म्हणा ना ते. माय ज्वारीची भाकर न् ठेचा करायची, आबा पिकाचं सांगायचे. पेन्शनवर आलो, जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाण्याच्या कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला लागलो, तरी महिन्यातून एक चक्कर ठरलेली. तीर्थपुरीतले लोक मला आबाचा मोठा लेक म्हणायचे. तेवढा मान, तेवढी माया, न् त्या घरात बसलं की मी पठारावर होतो त्यापेक्षा बी एकटा. समोर भिंतीवर मुरलीचा वर्दीतला फोटो. भरतीनंतर काढलेला, छाती ताठ, तोंड गंभीर. बायकोला सुद्धा मी कधी सांगितलं न्हाई. काय सांगणार, मला मागं करमत नव्हतं म्हणून गाडी बदलली?

अशी पाच वर्षं गेली. एका रविवारी दुपारी जेवण झालं, आबा ओसरीत बसले होते. म्हणाले, "अंकुश, एक सांगायचं होतं. भावकीत बोललोय मी, कुणाची ना न्हाई. माझं न् हिचं शेवटचं तुझ्या हातनं व्हावं. अग्नी तूच दे. लेकाचं काम हाय, लेकानंच करावं."

माय दारात उभी होती. तिनं पदर डोळ्याला लावला.

हो म्हणणं सोपं होतं. मान हलवली असती तरी पुरलं असतं. पण ज्याच्यामुळं लेक गेला, त्यानंच लेक म्हणून बापाला अग्नी द्यायचा? माझ्यानं ते व्हईना. मी म्हणलं, "आबा, आधी माझं ऐका. मंग ठरवा."

सगळं सांगितलं. तांदळाचा काटा, चौऱ्याऐंशी न् त्रेपन्न, साहेबांचा हुकूम, चहाचा हॉल्ट, मी गाडी मागितली ते, साहेबांना सांगतो म्हणालो न् सांगितलं न्हाई ते. रोटेशनचं खोटं बी सांगितलं. काहीच ठेवलं न्हाई. दहा मिनिटं लागली असतील. आबा जमिनीकडं पाहून राह्यले होते.

"हे तवाच सांगायचं होतंस," ते म्हणाले.

"हिंमत न्हाई झाली, आबा."

"मंग आज कशाला सांगितलंस?" त्यांचा आवाज चढला न्हाई, चढला असता तर मला सोसला असता. "मुरली गेल्ता तवा तू तरी होतास. आता कोन हाय आम्हाला?"

ते उठून मागच्या अंगणात गेले. मी चपला घालायला लागलो. माय दारातून हलली नव्हती.

"अंकुश," ती म्हणली, "गाडी बदलली तवा त्याचं तोंड कसं होतं?"

असं कुणीच कधी विचारलं नव्हतं, ना साहेबांनी, ना इन्क्वायरीत.

"हासत होता, माय," मी म्हणलं. "मोठी गाडी मिळाली म्हणून लई खुश होता. पाय बराबर पोचत नव्हते त्याचे. मला म्हणला, फोटो काढ नायक साब, मायला दाखवतो, तुझा लेक केवढ्या गाडीवर बसतो ते. माझ्याजवळ कॅमेरा नव्हता. मंग त्यानं आपला उगीच सॅल्यूट मारला न् गाडी चालू केली."

माय भिंतीवरच्या फोटोकडं पाहत उभी राह्यली. मंग म्हणली, "एवढं तर तवाच सांगायचं ना रे मला." न् आत गेली.

तेव्हापासून मी त्या घरी गेलो न्हाई, त्यांचं बोलावणं बी आलं न्हाई. पाच वर्षं मी माझा गुन्हा लपवला, न् त्याच्यासंगं तिच्या लेकाचं हसू बी लपवून ठेवलं. म्हणून आता जो विचारंल त्याला सांगतो. लान्स नायक मुरलीधर, राहणार तीर्थपुरी, वय चोवीस, वजन त्रेपन्न किलो. त्या दिवशी सकाळी नऊ वीसला तो मोठ्या गाडीवर बसला होता न् हासत होता.