पाचचा गजर

आमच्या शेजारचे कंपाउंडरकाका चाळीस वर्षं डॉक्टरांचं अक्षर लावून रिटायर झाले. त्यांच्या सुनेने इंटरनेटवर युद्धकाळातल्या नौदलाच्या नोंदी फुकटात शोधल्या, पण ते गिचमिड अक्षर तिला काही लागेना. काकांनी मात्र चष्मा पुसला आणि घडाघडा वाचायला सुरुवात केली. खलाशी असलेल्या त्यांच्या वडिलांचंच, अण्णांचं, पान निघालं! हेच अण्णा त्यांना लहानपणी रोज पहाटे पाचला पांघरूण ओढून उठवायचे. काका अजूनही पाचचा गजर लावतात.

"काय लिहिलंय, बाबा?"

"पहाऱ्यावर झोपले म्हणून शिक्षा. एकदा नाही, तीनदा!"

काका पोट धरधरून हसले. मग त्यांनी गजर बंद केला आणि घड्याळ अण्णांच्या फोटोमागे ठेवलं.

"झोपा आता, अण्णा. मीही झोपतो."