आण्णांचं ‘तुम्ही’

रेडिएटरवाले आण्णा रागावले की त्यांची भाषा शुद्ध व्हायची. एरवी बोलणं अस्सल सांगलीचं, ‘हाय’, ‘न्हाई’, ‘लय’ आणि वाक्याच्या शेवटी शेपटीसारखा हलणारा ‘रं’. पण डोकं फिरलं की हा सगळा पसारा ते आत उचलून ठेवत आणि समोरच्याला ‘आपण’ म्हणत. "आपण जरा बाजूला उभे राहता का?" असं आण्णांनी विचारलं की समजावं, आता आपली धडगत नाही. यंत्रांनाही हाच नियम. चांगल्या यंत्राला अरे-तुरे, फडतूस यंत्राला अहो-जाहो. माझ्या दुकानात एक प्रिंटर होता. कागद खायचा. त्याला आण्णा सहा वर्षं ‘साहेब’ म्हणत होते.

चाळीस वर्षं त्यांनी माधवनगर रस्त्याला ट्रक आणि ट्रॅक्टरचे रेडिएटर दुरुस्त केले. गळका रेडिएटर हौदात बुडवायचा, बुडबुडे कुठून येतात ते बघायचं आणि तिथं डाग देऊन भोक बुजवायचं. पुढं प्लास्टिकच्या टाक्यांचे रेडिएटर आले, डाग द्यायला पितळच उरलं नाही. आण्णांनी शटर ओढलं ते शिव्या देतच. त्याच रस्त्याला माझं कॉम्प्युटरचं दुकान. मी मूळचा साताऱ्याचा. हात कमी चालतात, तोंड जास्त. एक दिवस आण्णा नातीचा बिघडलेला कीबोर्ड घेऊन आले आणि काचेपाशी थबकले. काचेत मी माझा लाडका कॉम्प्युटर नटवून ठेवला होता. रंगीत दिवे, चकचकीत नळ्या, पाण्यानं थंड होणारा. मला वाटलं, म्हातारा भुलला.

"रेडिएटर खाली आणि पंप वर," आण्णा म्हणाले. "कुणी बसवला?"

"मीच," मी छाती काढून सांगितलं.

"वा. आपला सत्कार करायला हवा."

पुढची वीस मिनिटं तो सत्कार चालला. बंद नळ्यांतल्या पाण्यात थोडी तरी हवा राहतेच, ती वर चढते, आणि सगळ्यात वर पंप असेल तर तो पाण्याऐवजी हवा घुसळत बसतो आणि मरतो, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ट्रॅक्टरचं झाकण सगळ्यात वर का असतं, हे मी जन्मभर बघून एकदाही मनाला विचारलं नव्हतं, याचा त्यांना विशेष संताप. शेवटी घसा सुकला तेव्हा चहा घेतला आणि म्हणाले, "उद्या येतो. दोघं मिळून सरळ बसवू रं." त्या दिवशी मी ‘अरे’ झालो. पुढं दहा वर्षं आण्णा रोज यायचे.

आमचं व्हिडिओंचं चॅनल त्यातूनच निघालं. नवीन आलेल्या कॉम्प्युटरच्या वस्तू तपासायच्या आणि मराठीत सांगायचं, घ्या किंवा घेऊ नका. मी बोलायचो, हातवारे करायचो, नाटकातल्या राजासारखा मागं-पुढं फिरायचो. आण्णा तपासायचे. चित्रात त्यांचा फक्त हात दिसायचा, लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर धरलेला. त्याचं टोक पंपावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. गाडीच्या इंजिनाचं ऐकायची ही जुनी रीत. शेवटी पडद्याआडून त्यांचा निकाल यायचा. लोक माझं बोलणं पुढं ढकलून तो निकाल ऐकायचे, हे मला माहीत होतं आणि जरा झोंबतही होतं.

मग एका मे महिन्यात ते ग्राफिक्स कार्ड आलं, खेळातली चित्रं पडद्यावर पळवणारं. पुण्याहून वितरकाचा माणूस स्वतः घेऊन आला, तान्हं मूल आणावं तसं दोन्ही हातांवर. सगळ्यात वरच्या दर्जाचं, पाण्यानं थंड होणारं. पंप कार्डातच बसवलेला, त्यातून दोन नळ्या निघतात आणि तीन पंख्यांच्या रेडिएटरला जातात. असं काही आलं की बाकीचे व्हिडिओवाले काय करतात, तुम्ही बघितलंच असेल. खोकं उघडलं की आरती सुरू. दहा मिनिटं खेळ चालवायचा, तापमानाचा आकडा दाखवायचा आणि प्रसाद वाटल्यासारखं कौतुक वाटायचं. आण्णांना या लोकांचा इतका राग होता की त्यांच्याबद्दल बोलताना ते थेट वर्तमानपत्राच्या अग्रलेखाची भाषा वापरत.

आण्णांनी दुकानातला एसी बंद केला, पंखा बंद केला आणि शटर अर्धं खाली घेतलं. बाहेर सांगलीचं ऊन. पाहुणा रुमालानं मान पुसत म्हणाला, तपासणी सहसा एसीतच करतात.

"आपल्या एसीत माझी म्हैससुद्धा थंड राहील," आण्णा म्हणाले.

त्यांनी जंगलात पळापळीचा एक अवजड खेळ लावला. पडद्यावरचा गडी धावतोय, झाडं हलतायत, पानापानावर ऊन. आण्णांना खेळाशी देणंघेणं नव्हतं. "इतका पळतोय, ह्याच्या घरी कोण आजारी हाय?" एवढंच ते बोलले. दहा मिनिटांनी पाहुण्यानं आकडा दाखवला, बावन्न अंश, आणि उठायला लागला. आण्णांनी त्याला खांद्यावर हात ठेवून बसवलं. पाणी तापायला वेळ घेतं, पहिल्या दहा मिनिटांत कोणीही साधू दिसतो, असं म्हणाले. तासाभरानं आकडा सदुसष्टवर जाऊन स्थिर झाला. खोली मात्र भट्टी झाली होती. "गरमी मरत न्हाई," आण्णा नळ्या चाचपत म्हणाले, "नुसतं घर बदलती. कार्डातनं निघाली, आपल्या बोकांडी बसली." मग स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली. कार्ड चांगलं होतं. आवाज नाही, वेग भरपूर, आकडा हलत नव्हता. मला वाटलं आता अरे-तुरे येणार.

तेवढ्यात त्यांनी खोक्यातलं पत्रक उघडलं. कार्ड कसं बसवावं याचं सुंदर रंगीत चित्र होतं. त्या चित्रात रेडिएटर तळाला आणि कार्ड त्याच्या वर.

कॅमेरा चालू होता. आण्णा एक मिनिटभर बोलले. मी त्यांना इतक्या शुद्ध मराठीत कधी ऐकलं नव्हतं. ज्या विद्वानांनी हे चित्र काढलं त्यांनी आयुष्यात हंड्याखाली जाळ केलेला दिसत नाही, त्यांना बुडबुडा कुठल्या दिशेला जातो हे दाखवायला मी स्वखर्चानं येईन. आणि ऐकणाऱ्यांनो, हे पत्रक चुलीत घाला आणि रेडिएटर पंपाच्या वर बसवा. संपूर्ण मिनिट. पाहुणा खाली मान घालून बुटाची नाडी बांधत होता. बुटाला नाडी नव्हती.

संध्याकाळी त्याचा मला फोन आला. गोड माणूस. एवढं एक मिनिट जरा कडू वाटतं म्हणाला. पुढचं कार्ड सगळ्यांच्या आधी तुमच्याकडेच येईल असंही म्हणाला. आणि मी, ज्याला हा धडा वीस मिनिटं उभं करून शिकवला होता, त्याच मी ते मिनिट कापलं. तिथं बासरी टाकली. आण्णा आमचे व्हिडिओ कधी बघत नसत. स्वतःचा आवाज ऐकला की त्यांना त्याचाही राग यायचा.

पावसाळा संपता संपता जत तालुक्यातल्या एका गावातून फोन आला. बोलणारे निवृत्त सुभेदार होते. सैन्यात ट्रक चालवलेले, आता साठीचे. त्यांची मुलगी जर्मनीत परिचारिका. ट्रॅक्टर तिला त्यांनीच शिकवला होता. आता दर रविवारी दुपारी बापलेक कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळायचे. ती तिकडून, हे इकडून, कानाला हेडफोन लावून आठवड्याभराच्या गप्पा. आमचा व्हिडिओ बघून तिनंच ते कार्ड वडिलांना पाठवलं होतं. तीन रविवार झाले, शर्यत अर्ध्यावर आली की पडदा काळा होत होता. आणि त्याआधी आतून हुक्क्यासारखं गुडगुडायचं.

गुडगुड ऐकताच आण्णा उठले. "गाडी काढ रं."

रविवार होता. कवठेमहांकाळ मागं पडलं, दोन्हीकडं माळ आणि मेंढरं सुरू झाली. आण्णा त्या पत्रकवाल्यांवर अखंड तापलेले. मी स्टेअरिंगकडं बघत होतो. सांगून टाकावं असं चार वेळा मनात आलं, आणि चारही वेळा मी रस्त्यातला खड्डा दाखवला.

सुभेदारांनी कॉम्प्युटर स्वतः जोडला होता, वायरी अगदी कवायतीला उभ्या केल्यासारख्या. रेडिएटर तळाला. आण्णांनी बघितलं आणि डोळे मिटले.

"रेडिएटर खाली का बसवलात, सुभेदार?"

"चित्रात तसाच होता."

"चित्र चुलीत घाला म्हणून मी सांगितलं होतं व्हिडिओत."

"आवं, तीनदा बघितला," सुभेदार म्हणाले. "पोरीनं दोनदा. त्यात तुमी असं काय बोलला न्हाई. तिथं बासरी वाजती."

आण्णा वळले. माझ्याकडं बघितलं. मी ओरडण्याची वाट बघत होतो, देवाशपथ, मला ते ओरडणं हवं होतं.

"तुम्ही काढलंत ते?" आण्णा म्हणाले.

पुढं तासभर ते माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. तुम्ही हा स्क्रू धरा. तुम्ही जरा सरका. रेडिएटर वर चढवला. मग सगळा कॉम्प्युटर उचलून ते त्याला डावीकडं, उजवीकडं हळूहळू कलवत राहिले, बाळाला ढेकर काढायला थोपटतात तसं. नळ्यांतली हवा सरकत सरकत वर गेली. सुरू केला. आण्णांनी स्क्रू ड्रायव्हर कार्डावर टेकवला, मूठ कानाला लावली. गुडगुड थांबली होती.

"आता कसा गप बसलास," ते कार्डाला म्हणाले. "तुझी काय चूक न्हवती रं."

पाण्याच्या त्या यंत्राला ‘तू’. मला ‘तुम्ही’.

साडेतीनला मुलगी खेळात आली. आम्हालाही ऐकू यावं म्हणून सुभेदारांनी हेडफोन काढून ठेवला होता. तिच्या आवाजानं खोली भरली. सुभेदारांची गाडी दोनदा शेतात गेली, पण पडदा शेवटपर्यंत काळा झाला नाही. ती सारखी विचारत होती, आबा, आहात ना, आणि सुभेदार म्हणत होते, हाय, हाय, तू पळव. आण्णा दारात पाठमोरे उभे राहून ऐकत होते. परतीच्या वाटेवर मी माफी मागितली. ते म्हणाले, "आपण रस्त्याकडे लक्ष द्यावं."

दुसऱ्या दिवशी आण्णा आले नाहीत. मग आलेच नाहीत. महिन्याभरात लोणंदला मुलाकडं राहायला गेले. मी ते एक मिनिट जसंच्या तसं चॅनलवर टाकलं, आधी माझा गुन्हा स्वतःच्या तोंडानं सांगून. पुण्याचं कार्ड पुन्हा आलं नाही. नंतरचे व्हिडिओ मी एकट्यानंच केले, एसी बंद करून, तासभर, कपड्यांतून पाणी निथळेपर्यंत.

अशाच एका व्हिडिओनंतर फोन वाजला. लोणंदहून. आण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा आमचा व्हिडिओ बघितला होता आणि चुकांची यादी काढली होती. आपण घाई करता. आपण नळी एकाच बाजूनं चाचपली. आपला आवाज मोठा आहे. मी हो, हो म्हणत होतो. आणि मधेच ते फुटले: "आणि पंपाला मोटर काय म्हणतोस रं गाढवा? मोटर इहिरीवर असती."

मग आण्णा खाकरले. "म्हणजे, म्हणता," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी शहाणा माणूस. तेव्हापासून प्रत्येक व्हिडिओत पंपाला एकदा तरी मोटर म्हणू लागलो. दर वेळी लोणंदहून फोन यायचा, दर वेळी गाढव व्हायचो, आणि दर वेळी शेवटी ते ‘म्हणता’ यायचं, पण प्रत्येक वेळी जरा उशिरा. शेवटच्या दोन फोनांत आलंच नाही.

गेल्या थंडीत आण्णा गेले. सवयीनं मी अजून मोटर म्हणतो. आता बघणारे खाली लिहून चूक दाखवतात, हात जोडल्याच्या चित्रासकट: सर, तुम्ही मोटर म्हणालात, तो पंप आहे. सगळे सर म्हणतात, सगळे तुम्ही म्हणतात. एवढा आदर मला सोसत नाही.