अर्थमंत्र्यांच्या बढतीचे पेढे

ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला आमच्या शेजारच्या युनिटमध्ये तैवानच्या मायलेकी राहायच्या. लेक युनिव्हर्सिटीत शिकवायची. आई तिच्याकडे चार महिन्यांसाठी म्हणून आली आणि इथेच कॅन्सर निघाला. आता डॉक्टरांनी हात टेकले होते. आईचा नवरा तिकडे तैवानमध्ये देशाचा अर्थमंत्री. मला त्याचं कोण अप्रूप!

आई इंग्रजीची निवृत्त शिक्षिका, त्यामुळे गप्पांना अडचण नव्हती. शिफ्ट नसली की मी तिच्याजवळ जाऊन बसायचे. नवऱ्याची अख्खी कारकीर्द मला तिच्या तोंडून कळली. करखात्यात साधा अधिकारी होता तेव्हा लग्न झालं. जेवणं उरकली आणि स्वारी ऑफिसला गेली. लेक जन्मली तेव्हा तो अंदाजपत्रकात बुडालेला. तो उपमंत्री झाला त्या वर्षी हिची स्वतःची आई गेली. अंत्यविधीला ती एकटीच उभी होती, कारण साहेब संसदेत उत्तरं देत होते. हे सगळं ती तक्रार नसल्यासारखं सांगायची. राग मलाच यायचा.

या वेळी मात्र त्याने शब्द दिला होता. अंदाजपत्रक मंजूर झालं की राजीनामा, आणि लगेच विमान. म्हणून घरी येणारी नर्स देऊ करत होती ते मोठं वेदनाशामक ती घेत नव्हती. त्याने गुंगी येते. "तो येईल तेव्हा मला जागं असायचंय," म्हणायची आणि उशीची कड मुठीत आवळून कळ सोसायची. मला बघवायचं नाही.

एका शुक्रवारी मोबाईलवर बातमी दिसली. दोन दिवसांपूर्वीची होती. अर्थमंत्री आता सरकारात पंतप्रधानांच्या खालोखाल. माझ्या डोक्यात एवढंच शिरलं की बढती झाली. ठाण्याला माझे वडील ट्रेझरीत हेड क्लार्क झाले तेव्हा आम्ही अख्ख्या चाळीत पेढे वाटले होते. मी मिल्क पावडरचे पेढे वळले, वर केशराची काडी लावली आणि त्यांची बेल वाजवली.

लेकीने दार उघडलं. "आत्ता नको, प्लीज," ती हळूच म्हणाली. दमली असेल, असं समजून मी तिला ओलांडून आत गेले. मला नको म्हटलेलं कळत नाही, असं घरचे म्हणतात ते खरंच आहे.

"काँग्रॅच्युलेशन्स," मी आईला म्हटलं. "मिस्टर व्हाइस प्रीमियर झाले ना! आमच्यात बढती झाली की हे देतात."

तिने लेकीकडे पाहिलं. लेक खाली मान घालून उभी होती. दोन दिवस ती हेच आईपासून लपवत होती, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईने पेढ्याचा कण मोडून तोंडात टाकला.

"छान झालाय," ती म्हणाली. "तो काम चांगलं करेल. नेहमीच करतो."

मी माफी मागायला लागले, तर तिने हातानेच थांबवलं. मग लेकीला इंग्रजीतच म्हणाली, मलाही कळावं म्हणून असेल,

"नर्सला फोन कर. ते मोठं औषध आता दिलं तरी चालेल."